कचरूभाऊंच्या रकान्यात विसंगती नव्हती

तीन महिन्यांत तर्कशास्त्र शिकून दाखवते, असं मी घरात छातीठोकपणे जाहीर केलं होतं. एकोणचाळिसाव्या वर्षी बाहेरून बीसीए करायला निघालेली बाई अशी तशी मागं हटत नसते, हेही वर नवऱ्याला सुनावलं. पहिला आठवडा बरा गेला. मग पुस्तकात विधानांच्या जागी p, q आणि r आले.

मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. वायसरपासून ग्रीसच्या डब्यापर्यंत हजारभर वस्तू मला डोळे मिटून सापडतात. पण ही तीन अक्षरं ओळीनं उभी दिसली की छातीत असं धडधडायचं, जणू तीन पोलीस घर विचारत आलेत. उस्मानपुऱ्यात रविवारी आमचा क्लास असतो. शिकवणाऱ्या करुणा मॅडम माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तरी त्यांनी "रूपाताई, तुम्ही सांगा" म्हटलं की मी वहीत डोकं खुपसायचे. शेवटी त्यांनाच दया आली.

"ताई, अक्षरांची भीती वाटते ना, मग ओळखीची माणसं घाला. अमका कामावर आला, हे एक विधान. खरं असेल तर T, खोटं असेल तर F. भरा तक्ता."

सोमवारी सकाळी स्टोअरमध्ये गर्दी नव्हती. मी तीन माणसं घेतली. पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवणारे कचरूभाऊ, आणि पॅकिंगमधल्या गोजरमावशी नि द्वारकाबाई. विधान असं, की कचरूभाऊ आणि गोजरमावशी दोघं आले, तर द्वारकाबाईही येतात. तिघांच्या येण्या-न येण्याच्या आठ शक्यता, म्हणून आठ ओळी. वर तीन नावं, चौथ्या रकान्यावर "निष्कर्ष". तक्ता इतका सुबक जमला की मॅडमना द्यायला एक प्रत काढावी म्हणून मी ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनकडं गेले. प्रत घेऊन आले. मूळ कागद मशीनच्या झाकणाखालीच राहिला.

आता दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक म्हणजे कोरा कागद न सापडल्यानं मी तो तक्ता कंपनीच्या लेटरहेडवर काढला होता. दुसरी म्हणजे झाकण नंतर उघडलं ते आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या द्वारकाबाईंनी.

दुपारी डबा घेऊन कॅन्टीनमध्ये गेले तर एकाही टेबलावर डबा उघडलेला नव्हता. चाळीस माणसं एका कागदाभोवती उभी होती. मी तो लांबूनच ओळखला.

"रूपाताई, टी मंजे ट्रान्सफर ना?" गोजरमावशींनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"आन् एफ मंजे फिनिश," कचरूभाऊ म्हणाले. "आठ ओळी मंजे आठ महिने. मला चार महिने बिडकीनला धाडायलेत. पुढचे चार महिने एफच एफ."

बिडकीनला कंपनीचं नवं शेड होणार ही कुजबुज महिनाभर चालूच होती. गोजरमावशी बजाजनगरातून चालत कामाला येतात. बिडकीनला जायचं तर बस, आणि त्यांच्या गुडघ्यांना बसची पायरी चढवत नाही, हे सगळ्यांना माहीत. त्या कागदावरच्या स्वतःच्या नावाकडं बघत होत्या.

त्याच वेळी मी खरं बोलायला हवं होतं. पण लेटरहेड वापरलंय, तेही कामाच्या वेळेत, हे एकदम डोक्यात आलं आणि माझ्या तोंडून निघालं, "मला काय माहीत बाई, मी तर आत्ताच बघतेय."

जेवणाची सुट्टी संपली तरी प्रेस सुरू झाली नाही. आमच्या कारखान्यात प्रेसचा आवाज थांबला की लोकांना कानात दडे बसल्यासारखं होतं. मी रॅकच्या मागं जाऊन बसले आणि उगाच वायसर मोजू लागले. तेवढ्यात मॅनेजर सुदर्शन सरांचा फोन आला.

"रूपाताई, कुणीतरी खोटी यादी फिरवली आहे. हाताने लिहिलेली आहे. तुमचं स्टोअरचं रजिस्टर घेऊन या. अक्षर कुणाशी जुळतं ते बघू."

ते रजिस्टर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझ्या अक्षरात आहे. मी ते छातीशी धरून ऑफिसकडं निघाले. शंभर पावलांचं अंतर, पण मधे दोनदा भिंतीला टेकले. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, याची तीन वाक्यं जुळवली आणि तिन्ही खोडली. सरांनी रजिस्टर उघडलं. शेजारी कागद ठेवला. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं, मग माझ्याकडं.

"सर, हा गणिताचा अभ्यास आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं.

सरांनी रजिस्टर मिटलं. मग उठले. "मला पटवून उपयोग नाही. प्रेस बंद आहे. त्यांना पटवा."

कॅन्टीनमध्ये मला एका बाकावर उभं केलं आणि सर स्वतः दाराशी थांबले. चाळीस जोडी डोळे. क्लासमध्ये सहा जणांसमोर माझी बोबडी वळते. मी सांगितलं, कागद माझा आहे, ही यादी नाही, टी म्हणजे खरं आणि एफ म्हणजे खोटं.

"सकाळी तुमीच म्हणलात, मला माहीत नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "आता कामून इस्वास ठेवायचा?"

"दुपारी म्हटलं होतं," मी म्हटलं. त्यानं काही मदत झाली नाही.

मग दुसरा मार्गच उरला नाही. मॅडमनी शिकवलेली पद्धत होती. जे खोडायचं तेच आधी खरं धरायचं आणि ते कुठं आपटतं ते बघायचं. मी कागद वर धरला. पुढच्या दोघांनी तो खालून धरला.

"समजा, ही कामावरून काढायची यादी आहे," मी म्हटलं. मागून कुणीतरी हुंदका दिला. "नुसतं समजा. मग गोजरमावशींचा रकाना बघा. तिसऱ्या महिन्यात एफ, म्हणजे मावशींना काढलं. पाचव्या महिन्यात टी, म्हणजे त्यांची बदली केली. जो माणूस कामावरच नाही, त्याची बदली कशी होईल? होऊ शकत नाही. म्हणजे आपलं समजणंच चुकलं. ही यादी नाही."

दोघी-तिघी कागदावर वाकल्या. मग गोजरमावशींनी डोळे पुसले. "व्हय की," त्या म्हणाल्या. "काढल्यावर कुठं धाडतेत?"

"आन् मला तर एक महिना काढायलेत, एक महिना धाडायलेत," द्वारकाबाई म्हणाल्या. "असं कुठं असतंय?"

बायकांमध्ये हसू फुटलं. आयुष्यातली पहिली सिद्धता मी बाकावर उभं राहून दिली होती.

कचरूभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी आपल्या रकान्यावरून वरून खाली बोट फिरवलं.

"माझ्यात तसं काय नाय," ते म्हणाले. "चार महिने टी, मग चार महिने एफ. आधी बदली, मग घरी. हे तर बराबर जुळतंय."

"भाऊ, एका ठिकाणी विसंगती आली की सगळं गृहीतच पडतं."

"गोजरबाई सुटल्या म्हणून मी कसा सुटलो?"

मी त्यांना वीस मिनिटं समजावलं. शेवटी ते म्हणाले, "चला, मानलं. ही यादी नाय. मग खरी यादी कुठं हाय?"

सगळ्यांनी वळून सुदर्शन सरांकडं पाहिलं. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "कुठलीही यादी नाही," ते म्हणाले. "कामाला लागा."

प्रेस सुरू झाली.

खरी यादी पुढच्या सोमवारी लागली. टाईप केलेली, सहीशिक्क्याची. तिच्यात एकच नाव होतं, आणि ते माझं होतं. बिडकीनचं स्टोअर.

मी सरांना विचारलं, "सर, ही शिक्षा आहे का?"

"छे," सर म्हणाले.

"मग बढती?"

"तसंही नाही."

रोज सकाळी बिडकीनच्या बसमध्ये मी हे खिडकीशी बसून तपासते. शिक्षा नाही, बढती नाही, आणि मी बसमध्ये आहे. अजून तरी विसंगती सापडलेली नाही.