सासूबाईंसाठी विजेची गाडी: तीन दिवसांचा परीक्षण अहवाल

कुटुंबासाठी घेतलेली वस्तू कुटुंबाच्या हाती लागू न देणं, हा सुसंस्कृत समाजाचा पाया आहे. बल्गेरियातल्या सोफिया शहरात आमच्या ब्लॉक ४३ मध्ये छप्पन्न घरं आहेत आणि छप्पन्नही घरांत काचेच्या कपाटात नक्षीदार पेल्यांचा संच आहे. तो पाहुण्यांसाठी आहे. पाहुणे आले की त्यांना स्वयंपाकघरातल्या साध्या पेल्यांतून प्यायला देतात, कारण संच फुटेल. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस या नात्याने मी खात्रीने सांगतो, की गेल्या चाळीस वर्षांत यातला एकही पेला फुटलेला नाही. (टिकाऊपणा तो याहून वेगळा काय असतो?)

म्हणून चौथ्या मजल्यावरच्या प्लामेनने 'कुटुंबाच्या रोजच्या वापरासाठी' विजेवर चालणारी उंची गाडी घ्यायचं मनात आणलं, तेव्हा मला आनंद झाला. गाडी बाहेरून लहान, आतून मोठी आणि माहितीपत्रकात त्याहून मोठी. शोरूमवाल्यांनी ती शुक्रवार ते रविवार वापरून पाहायला दिली आणि त्याची जुनी गाडी किंमत ठरवण्यासाठी तेवढे दिवस ठेवून घेतली. प्लामेन विमा कंपनीत असल्यामुळे त्याचा कशावरही सहजासहजी विश्वास बसत नाही. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "इंजिनियरकाका, हे काम भावनेने करायचं नाही. समिती पाहिजे." समितीत तो आणि मी असे दोघे होतो. एक्केचाळीस निकष ठरले.

गाडीचं निमित्त मात्र एकच होतं. त्याची बायको रुम्याना, तिची आई स्तोयनाबाई गोर्ना लिपका नावाच्या गावात एकट्या राहतात. वय एकोणऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पाच महिने खेटे घातल्यावर उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती: सोमवारी सकाळी साडेसात. ती हुकली तर पुढची वसंतात. गाव डोंगरापलीकडे एकशे सव्वीस किलोमीटरवर आणि तिथली बस मंगळवारची. बाई आता माणसं आवाजावरून ओळखतात आणि जिन्याच्या पायऱ्या मोजून उतरतात. तेव्हा रविवारी संध्याकाळपर्यंत त्यांना आणायचं, एवढं एकच काम गाडीकडून व्हायचं होतं. निकषांच्या यादीत ते एकोणचाळिसावं होतं. (चाळिसावा: आसनाची मालिश. एक्केचाळिसावा: कप ठेवायची खाच.)

शुक्रवारी चार वाजता गाडी अंगणात आली. पडद्यावर आकडा होता तीनशे दहा किलोमीटर. माहितीपत्रकात चारशे तीस होते, पण माहितीपत्रकाला चढ लागत नाहीत. दहा मिनिटांत तळमजल्यावरच्या पेन्काबाई बादली घेऊन खाली आल्या. त्या इमारतीच्या अध्यक्ष आहेत. सगळं पाण्यासारखं सुरळीत वाहावं म्हणून त्यांनी चाकांपुढे पाणी ओतलं आणि प्लामेनचा हात धरून म्हणाल्या, "लखलाभ होवो पोरा. सुखरूप चालव."

ही क्षणाची गोष्ट होती. "अजून घेतलेली नाही, नुसती बघतोय," एवढं एक वाक्य प्लामेनने तेव्हा म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण पाणी ओतून झालेलं होतं. ओतलेल्या पाण्यापुढे 'नुसती बघतोय' म्हणायचं धाडस आमच्याकडे कोणी केल्याची नोंद नाही. तो म्हणाला, "आभारी आहे मावशी," आणि वर जाऊन चॉकलेटचे चार डबे आणि सासऱ्यांच्या वेळची राकिया, म्हणजे घरची फळांची दारू, घेऊन आला. शुभेच्छा दिल्या की तोंड गोड करावं लागतं. तोंड गोड झालं की गाडीत बसून बघावं लागतं. बसलं की चक्कर मारावीच लागते. तेरा कुटुंबं आली, चौदा चकरा झाल्या. चालवत होता प्लामेनच, त्यामुळे त्याच्या वाट्याला राकियाचा नुसता वास आला. प्रत्येक चक्कर नऊ किलोमीटरची, वेगवान चालीत, आसनं गरम करून, आतले दिवे चौसष्ट रंगांतून फिरवत. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल तर दोनदा आले, दुसऱ्यांदा टोपी राहिली म्हणून. या पाहणीत गाडीने सामाजिक प्रतिष्ठेच्या निकषावर दहापैकी दहा गुण मिळवले. पडद्यावर एकशे अठ्ठेचाळीस किलोमीटर उरले.

शनिवारी चार्जिंगचा निकष. जवळच्या मॉलमधल्या विजेच्या खांबापाशी एक डिझेल गाडी विसावली होती, गेले तीन आठवडे. डोंगराच्या वाटेवर नकाशात आणखी एक खांब होता. नकाशात तो अजूनही आहे. तेव्हा प्लामेनने चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून वायर खाली सोडली आणि घरच्याच विजेवर गाडी लावली.

आता सप्टेंबरातला शनिवार म्हणजे काय, हे शोरूममधल्या तरुणांना कोणी शिकवत नाही. त्या दिवशी अख्ख्या ब्लॉकने हिवाळ्याच्या बरण्या भरायला लाल मिरच्यांची पोती आणलेली असतात आणि बाल्कनीबाल्कनीत मिरच्या भाजायची विजेची भट्टी लावलेली असते. एकट्या आमच्या जिन्यावर सोळा भट्ट्या चालू होत्या. सतरावी गाडी. अकरा वाजून वीस मिनिटांनी जिन्याचा मुख्य फ्यूज उडाला आणि साडेचारशे किलो मिरची अर्धीकच्ची राहिली.

अंगणात तातडीची सभा भरली. काल ज्यांनी चॉकलेटं खाल्ली तेच आज हात मिरचीने लाल करून उभे होते.

"कुणी लावलंय ते?" पेन्काबाईंनी विचारलं, वायर कुणाच्या बाल्कनीतून लोंबतेय हे दिसत असताना.

"मावशी, सासूबाईंना आणायचंय. ऑपरेशन आहे त्यांचं," प्लामेन म्हणाला.

"मग जा की. कालपासून कोणी धरून ठेवलंय तुला?"

"चार्ज पुरायला हवा ना."

"हे बघ, माझी मिरची परवापर्यंत सडेल. तुझी गाडी सडणार आहे का? सोड ती वायर."

सोमवारपर्यंत वायर बंद, हा ठराव एकमताने मंजूर झाला. (प्लामेनचं मत धरून. त्यानेही वर दोन पोती आणून ठेवली होती.) चार्जिंगच्या निकषाला मी आठ गुण दिले, कारण वायरची लांबी उत्तम होती.

रविवारी सकाळी समितीचं खरं काम सुरू झालं. उपलब्ध अंतर एकशे पन्नास, जायचं अंतर एकशे सव्वीस. वरवर पाहणाऱ्याला हे सोपं वाटेल. पण मध्ये घाट आहे. घाटात थंडी वाजली तर हीटर लावावा लागेल. शिवाय स्तोयनाबाई रिकाम्या हाताने येणाऱ्यातल्या नाहीत. किमान चाळीस बरण्या, म्हणजे साधारण चाळीस किलो, अधिक सासूबाई. मग परतीचं काय? गावातल्या घराची वायरिंग सत्तर साली झालेली. मी म्हटलं, गाडीत बसूनच हिशेब करू, पडदा समोर असतो. आम्ही बसलो. आसनाची मालिश चालू ठेवली, कारण तोही निकष होता.

बारा वाजता रुम्याना खाली आली. ती औषधाच्या दुकानात असते, आदला सगळा दिवस तिथे उभी होती. तिने काचेवर टकटक केली.

"निघतोयस?"

"बेरीज होऊ दे," प्लामेन म्हणाला.

"आईने सकाळपासून कोट घालून ठेवलाय."

"रुमी, अर्ध्या वाटेत बंद पडली तर? म्हातारं माणूस घाटात घेऊन उभा राहू का?"

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली आणि तिथून निघून गेली. लग्न झालेल्या माणसाला या वाक्याने घाम फुटायला हवा होता. प्लामेनला फुटला नाही. आसनाला वाऱ्याची सोय होती. हिशेबाचे आम्ही एकंदर नऊ कागद भरले. दोन वाजता उत्तर 'पुरेल' आलं, तीन वाजता 'पुरणार नाही'. मधल्या तासाभरात गाडी उभ्या जागी सहा किलोमीटर संपली होती. समिती गंभीरपणे काम करते आहे, याचा मला अभिमान वाटत होता.

साडेचारला अंगणात कोबीचा टेम्पो शिरला. गोर्ना लिपकाचा मित्को दर रविवारी शहराच्या बाजारात कोबी आणतो, रुम्यानाने त्याला बाराच्या सुमारास फोन केला होता. समितीच्या कामात व्यत्यय नको म्हणून तिने आम्हाला सांगितलं नव्हतं. पुढच्या बाकावर काळा कोट घालून, मांडीवर एक बरणी धरून स्तोयनाबाई बसल्या होत्या. मागे कोबीत खोचलेल्या एक्केचाळीस बरण्या. एकही फुटली नव्हती. टेम्पोत मालिश नाही, पडदा नाही, आरसासुद्धा एकच.

रुम्यानाने आईला हात धरून उतरवलं. बाई चाचपडत आमच्या दिशेने आल्या. आतले दिवे तेव्हा जांभळ्यावरून हिरव्यावर जात होते.

"हे काय पेटलंय? देऊळ आहे का?" त्यांनी विचारलं.

प्लामेन खाली उतरला. "गाडी आहे, आई. तुमच्यासाठीच."

"माझ्यासाठी?" म्हातारीने पत्र्यावरून हळूच हात फिरवला. "मग इथे का उभी आहे?"

प्लामेनने माझ्याकडे पाहिलं. मी कागदांकडे पाहिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कोणत्याही प्रश्नाची लाज वाटली नव्हती, ती त्या दिवशी वाटली. मी त्यांच्या हातातली बरणी घेऊन वर पोचवली, तेवढंच करता आलं.

सोमवारी गाडी आठ वाजता शोरूममध्ये द्यायची होती, आणि शोरूम नेमकं शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळे मायलेकी ट्रॅमने इस्पितळात गेल्या, चार थांबे.

अहवाल मी त्याच आठवड्यात पूर्ण केला. एकूण गुण दहापैकी नऊ पूर्णांक दोन. शून्य पूर्णांक आठ गुण कपाच्या खाचेसाठी कापले, तिच्यात बरणी बसत नाही. शेरा: 'सदर वाहन कुटुंबाच्या रोजच्या वापरासाठी सर्वथा योग्य आहे. परीक्षणकाळात कुटुंब उपलब्ध होऊ शकले नाही.' एक प्रत लिफ्टशेजारी लावली. आतापर्यंत तेवीस जणांनी मला जिन्यात गाठून शंका विचारल्या. एका चार्जमध्ये गाडी खरं अंतर किती जाते, थंडीत किती कमी होतं, मालिश पाठीलाच की मांडीलाही. कर्नलना रंग कोणकोणते मिळतात ते हवं होतं. इतका अभ्यासू वाचकवर्ग मला खात्यात कधी लाभला नाही.

प्लामेनने गाडी घेतली. पाणी ओतून झालं होतं, दुसरं करणार काय? पांढरीला सहा महिने थांबावं लागत होतं म्हणून राखाडी घेतली. तो तिच्यातून एकटा कचेरीत जातो, जाऊन येऊन अकरा किलोमीटर, आणि मागच्या आसनांवरचं प्लास्टिक त्याने अजून काढलेलं नाही. थंडीत साधारण पाव अंतर कमी होतं. मालिश फक्त पाठीला.

तुमच्याही सगळ्या शंका आता फिटल्या असतील. स्तोयनाबाईंचा डोळा बरा आहे. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आपणहून सांगितलं.