नात जपानात, दाखला गावात

"माझ्या शब्दाला घोडेगावच्या कचेरीपर्यंत वजन हाय!" असं निमगाव सावाचे बहिरूनाना ज्याला त्याला सांगत. ते वजन आजवर कुणी काट्यावर घालून पाहिलं नव्हतं, एवढंच.

एके दिवशी जपानहून मुलाचा, सोमनाथचा, फोन आला.

"नाना, तुमच्या नातीची, दिशाची नोंद अडलीय. पोर जन्मली हितं, पण जपान तिला आपली म्हणत न्हाई. वर्षाची व्हायच्या आत आपल्या वकिलातीत नोंदवली की भारताची झाली. पण ते आमच्या लग्नाचा दाखला मागत्यात."

"एवढंच व्हय? आख्खा तालुका जेवलाय तुझ्या लग्नात! उद्याच धाडतो!"

लग्न सूनबाईंच्या माहेरी, घोडेगावच्या अलीकडल्या एका गावात झालेलं. नानांनी फेटा बांधला, लग्नपत्रिका, अल्बम आणि मुला-सुनेच्या पासपोर्टच्या झेरॉक्स पिशवीत कोंबल्या आणि एसटी धरून तिथली ग्रामपंचायत गाठली.

ग्रामसेवकांनी पत्रिका शांतपणे वाचली.

"हे लग्न बाळासाहेब आणि प्राचीचं आहे. पासपोर्टवर सोमनाथ आणि आशा आहे. त्यांचं कधी झालं?"

"अवो साहेब, तीच ती दोघं! बाळासाहेब घरातलं नाव. प्राची माहेरचं, आशा आमी ठेवलं!"

"फोटो दाखवा."

अल्बम उघडला. हार घालताना मधोमध नाना. सप्तपदीला पुढं नाना. एका फोटोत नानांच्या फेट्याआडून नवरदेवाचा कान तेवढा दिसत होता.

"हे तुमचंच लग्न दिसतंय," ग्रामसेवक म्हणाले. ते हसले नाहीत. "असू द्या. नवरा-नवरीला घेऊन या, सह्या लागतील."

"ती दोघं जपानला."

"मग या म्हणावं."

"तान्ही पोर कुणापाशी ठिवतील? तिला पासपोर्ट न्हाई."

"का नाही?"

"लग्नाचा दाखला न्हाई म्हणून!"

"मग काढून टाका की दाखला," ग्रामसेवक म्हणाले.

परतीच्या एसटीत नानांच्या डोक्यात एकच घोळत होतं. पोर ना तिकडची, ना हिकडची! घरी बायकोला, म्हाळसाबाईंना, सगळी हकिगत सांगताना त्यांनी फेटासुद्धा काढला नाही.

आणि आठवड्याने सोमनाथचा फोन आला.

"झालं, नाना! वकिलातीतल्या साहेबांना अडचण सांगितली. त्यांनी आमचं दोघांचं प्रतिज्ञापत्र घेतलं, जोडीचा ताजा फोटो लावला. दिशा भारताची झाली!"

नानांनी पेढे वाटले. "मी घोडेगावाकडं वजन टाकलं म्हणून झालं," असं वेशीपर्यंत सांगून आले.

म्हाळसाबाई चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. "अवो, आपल्या लग्नाचा दाखला कुठंय?"

"तवा कुठले आले दाखले! मेंढरांच्या वाड्यावर लागलं आपलं."

"पत्रिका?"

"न्हाई."

"फोटू तरी?"

"न्हाई बा."

"म्हंजे सरकारच्या लेखी मी आजून मोकळीच हाय म्हणा की!"

म्हाळसाबाईंनी रोज नानांच्या ताटात पडणारी टम्म फुगलेली पहिली भाकरी तव्यावरून उतरवली आणि स्वतःच्या ताटात वाढून घेतली.