मागं जागा आहे की

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तुंगाक्का असल्या, की कोणी कुठं उभं राहायचं हे त्या ठरवतात. पहिल्या चौघांनी चार कोपरे धरायचे. पाचवा आला तर तो कोणाच्या तरी कोपऱ्यात शिरणार, म्हणून त्यानं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. बंगळूरला जे. पी. नगरात राहायला आलो त्या दिवशी मी पाचवा होतो. एका हातात मिक्सर होता आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर मी मराठीत वैतागत होतो. "अण्णा, स्वल्प भिंतीकडं वळा," काठाची सुती साडी नेसलेल्या एक किरकोळ अंगाच्या बाई म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात एकजण दाराकडं बघून उभे आहेत." बाकीचे हसतील असं मला वाटलं. कोणीच हसलं नाही. मी वळलो आणि आमचा मजला येईपर्यंत समोरच्या पत्र्यात स्वतःचं नाक बघत राहिलो.

नंतर कळलं की तुंगाक्का निवृत्त प्राध्यापिका. आनेकलच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. त्यांचं घराणं इथं कित्येक पिढ्यांपासूनचं, त्यामुळे मराठी बोलतात ती कानडीची फोडणी देऊन. लग्न केलं नाही. घरात पुस्तकं, फिल्टर कॉफी आणि एकच खुर्ची. पाहुणा आला तर त्याला खुर्ची देतात आणि स्वतः उभ्या राहतात.

लिफ्टचं कोडं त्यांनीच मला उलगडून सांगितलं. अणूत इलेक्ट्रॉनांच्या खोल्या असतात. एका दर्जाच्या खोल्या रिकाम्या असल्या, की प्रत्येक इलेक्ट्रॉन आधी वेगळी खोली धरतो. सगळ्या खोल्यांत एकेकजण झाला, की मगच नाइलाजानं दुसऱ्याच्या खोलीत जातो. एका खोलीत फक्त दोघं, आणि त्या दोघांची फिरकी एकमेकांच्या उलट. "तुमच्यासाठी म्हणून तोंडं उलट असं सांगते, सरी? चालेल?" त्या म्हणाल्या. "फार मानी जात ती. स्वल्पसुद्धा गर्दी खपत नाही."

हे त्या वर्गात बसचं उदाहरण देऊन शिकवायच्या. रिकामी बस आली तर कोणी अनोळखी माणसाला चिकटून बसतं का? आधी प्रत्येकजण आपापलं बाक धरतो, बाकं संपली की मग शेजार. पोरं सगळी बसनंच यायची, त्यांना ते लगेच पटायचं. उदाहरण द्यायचं आणि पुढं जायचं, हे इतर शिक्षकांना जमतं. तुंगाक्का त्यातच मुक्कामाला राहिल्या. बसमध्ये, बँकेत, दवाखान्यात, कोणी शेजारी टेकायला लागलं की त्या शांतपणे म्हणत, "मागं जागा आहे की."

आमच्या सेक्रेटरींच्या मुलीच्या साखरपुड्याला त्यांनी उत्साहानं पंगतीचा ताबा घेतला. दारातच उभ्या राहून येईल त्याला एकेक पान सोडून बसवत गेल्या. नवरे एका टोकाला, बायका दुसऱ्या टोकाला, मधे हिरवीगार रिकामी पानं. वाढपी सांबाराची बादली घेऊन नुसता पळत होता. मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडच्यांत भांडणं आहेत, मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे रुसलेत, आणि दोन्हीकडचे मध्यस्थ एकमेकांना कोपऱ्यात नेऊन समजावू लागले. तुंगाक्का मात्र खूश. इतकी सुरेख मांडणी वर्गातसुद्धा जमली नव्हती म्हणाल्या.

क्वांटम हा शब्द उगाच वापरलेला त्यांना सोसत नाही. आमच्या कंपनीत साहेबांनी यंदा 'क्वांटम जम्प' घ्यायची असं जाहीर केलं, ते मी एकदा बोलून गेलो. त्यांनी कॉफी खाली ठेवली. ती उडी जगातली सगळ्यात लहान उडी असते, कोणाला दिसतसुद्धा नाही, असं सांगून त्यांनी साहेबांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. पगारवाढीचं पत्र आलं तेव्हा मला ते पटलं.

त्यांना भेटायचं असेल तर त्या कुठं आहेत हेही विचारायचं नसतं. इलेक्ट्रॉनबाबत तसं विचारणं अडाणीपणाचं, तो कुठं असेल एवढंच विचारता येतं. आमचा वॉचमनसुद्धा त्यात तयार झालाय. संध्याकाळी अक्का कुठं असं विचारलं, तर पार्कात असण्याची शक्यता जास्त, असं कानडीत सांगतो आणि वर आभाळाकडे बघतो.

ते पार्क आमच्या फाटकासमोरच आहे. आत पाठ नसलेली दगडी बाकं आहेत. तिथं तुंगाक्का रोज जातात, एक रिकामं बाक निवडतात आणि अंधार पडेपर्यंत एकट्या बसतात. सगळ्या बाकांवर एकेकजण असेल तर त्या बसतच नाहीत, पार्काला फेऱ्या मारतात. ओळखीचं माणूस दिसलं तरी लांबून मान डोलावतात.

पावसाळ्याच्या शेवटी माझे वडील गेले. नागपूरच्या घरी आई एकटी राहिली. फोनवर जेवले, जेवले म्हणायची, पण शेजारच्या काकूंनी कळवलं की ती चहा-टोस्टवर दिवस काढते, गॅस पेटतो तो चहापुरता. मी जाऊन तिला घेऊन आलो. इथं आम्ही नवरा-बायको सकाळी सर्जापूर रोडला ऑफिसला गेलो, की घरात ती आणि भिंती. ती रडली नव्हती. वडील गेले तेव्हाही नाही, नंतरही नाही. स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हती. वाळलेले कपडे घडी करायची, घडी मोडून पुन्हा घडी करायची. आणि रोज म्हणायची, "मी इथं काय करून राहिले? माझं तिकीट काढून दे." परत गेली तर ती फार दिवस काढणार नाही, हे मला दिसत होतं आणि मला त्याची भीती वाटत होती. तिला सांगायचं धाडस झालं नाही. शेवटी मी हरलो आणि रविवारचं तिकीट काढलं.

त्या आठवड्यात संध्याकाळी तिला जबरदस्तीनंच पार्कात पाठवत होतो. ती जायची, कडेच्या बाकावर रस्त्याकडे तोंड करून बसायची आणि मी आणायला गेलो की उठायची. शुक्रवारी ऑफिसातून लवकर सुटलो आणि परस्पर पार्कातच गेलो. थंडीमुळे पार्क जवळजवळ ओस होतं. बाकं सगळी रिकामी. आणि आईच्या बाकावर तुंगाक्का बसल्या होत्या.

मी पार्काच्या फाटकातच थांबलो. इतकी रिकामी बाकं सोडून तुंगाक्का दुसऱ्याच्या बाकावर, हे मी कोणाला सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तोंड मात्र नियमाप्रमाणं उलट. आई रस्त्याकडे बघत होती, तुंगाक्का मागच्या कंपाउंडच्या भिंतीकडे. आई बोलत होती. काय ते मला ऐकू येत नव्हतं, पण ती थांबतच नव्हती. मग तिचे खांदे हलायला लागले. वडील गेल्यापासून मी त्याचीच वाट बघत होतो, आणि आता ते मला बघवेना. तुंगाक्का वळल्या नाहीत. भिंतीकडे बघतच त्यांनी एक हात मागं नेला, चाचपडत आईचा हात शोधला आणि धरून ठेवला.

मी गुपचूप घरी आलो.

आई आली ती अंधार पडल्यावर. डोळे सुजलेले. येताना फाटकाबाहेरच्या गाडीवरून तिनं अवरेच्या, म्हणजे इथल्या पावट्याच्या, शेंगा आणल्या होत्या. परात घेऊन ती जमिनीवर बसली आणि कोणी न सांगता शेंगा सोलायला लागली. मी समोर बसून सोलू लागलो.

"ती बाई बरी आहे," थोड्या वेळानं ती म्हणाली. "माणसाकडे बघत नाही अन् ऐकून घेते."

मी म्हटलं, तिचा तसा नियम आहे.

"नियमाचं मला सांगितलं तिनं." आईनं एक किडकी शेंग बाजूला टाकली. "कॉलेजला जायच्या तिच्या बसमध्ये एक मास्तर असायचे, केमिस्ट्रीचे. नवीन आले तेव्हा त्यांनी हिला विचारलं, इथं बसू का. ही म्हणाली, मागं जागा आहे की. गेले बिचारे मागं. मग रोजच मागं बसत गेले. बदली झाली त्यांची, त्या दिवशीही मागच्याच दारानं उतरले. हिला वाटत होतं एखाद दिवशी पुन्हा विचारतील."

मी पुढची शेंग उचलली.

"मी म्हटलं, बाई, मग तूच उठून मागं का नाही गेलीस? तर म्हणते, जोडीनं बसायला ऊर्जा लागते, तेवढी तेव्हा माझ्यापाशी नव्हती. बसायला काय ऊर्जा लागते रे?"

लागते. तुंगाक्कांनीच मला ते सांगितलं होतं. दोन इलेक्ट्रॉन एका खोलीत राहायचे तर त्यांना एकमेकांना सोसावं लागतं, आणि त्यासाठी ऊर्जा मोजावी लागते. म्हणून तर ते आधी रिकामी खोली बघतात. ते ऐकताना मला हे फक्त इलेक्ट्रॉनांचंच वाटलं होतं. आईला मी एवढंच म्हटलं की हो, पुस्तकात तसं आहे.

"मग आज कुठून आली तिला?" आईनं विचारलं.

आईनं परातीतले दाणे सारखे केले. ते आमच्या तिघांच्या मानानं बरेच जास्त होते.

"रविवारचं तिकीट राहू दे," ती म्हणाली. "ती बाई एकटीच बसते तिथं. अन् डबा कुठं आहे तुझ्याकडे, झाकण घट्ट बसणारा?"