सीडीवरचं नाव

दुपारी दोनच्या पुणे गाडीनं प्रज्ञा जायची होती, आणि भाऊसाहेब साळवे सकाळी आठच्या आत दोनदा स्टँडवर जाऊन गाडीची वेळ विचारून आले होते. दुसऱ्या वेळी कंट्रोलर म्हणाला, "सायेब, आता तिसऱ्यांदा आलात तर आत्ताच सोडतो गाडी." मग ते घरी आले आणि पलंगावर मांडलेल्या सामानाभोवती येरझाऱ्या घालू लागले.

सामान काही साधंसुधं नव्हतं. प्रज्ञाला पुण्यात इंजिनिअरिंगला, तेही कॉम्प्युटरला, प्रवेश मिळाला होता. तिच्या सम्राटमामाच्या मुंबईतल्या कंपनीनं जुने लॅपटॉप काढून टाकले, त्यातला एक मामानं भाचीसाठी आणला. बॅटरी मेलेली होती, वायर लावली तरच चालायचा, आणि कंपनीनं आतलं सगळं पुसून टाकलं होतं. पण एकोणीसशे नव्याण्णव सालात राहुरीत लॅपटॉप म्हटल्यावर आळीतली माणसं चपला बाहेर काढून बघायला येत.

येताना प्रत्येक जण एक सल्लाही घेऊन येई. कुणी स्टॅबिलायझर घ्यायला लावला, कुणी पडद्यावर लावायची काच. फ्लॉप्या ठेवायला कुलपाचा डबा आला. प्रज्ञाच्या आईनं, भागिरथीबाईंनी, उरलेल्या पडद्याच्या कापडाचं झालरवालं कव्हर शिवलं. प्रज्ञा आपली सांगत होती, "पप्पा, एक माऊस आन् विंडोजची सीडी एवढंच लागतंय मला. काच या पडद्याला बसत पण नाही." पण मुलगी घर सोडून निघाली की बापाला काहीही कमीच वाटतं, तसं भाऊसाहेबांचं झालं होतं.

विंडोजची सीडी तिनं आदल्या संध्याकाळी आप्पासाहेबांच्या कॉम्प्युटर क्लासमधून आणली होती. एका रात्रीच्या बोलीवर. मामानं पाठवलेला माऊस त्याच रात्री कुठे तरी गेला आणि तो सापडेपर्यंत झोपायची वेळ झाली, म्हणून लॅपटॉपमध्ये विंडोज भरायचं काम सकाळवर गेलं.

भाऊसाहेब कृषी विद्यापीठाच्या भांडारात होते. खुर्ची असो की खुरपं, नंबर टाकल्याशिवाय वस्तू भांडारात जात नाही, ही त्यांची तेवीस वर्षांची सवय. पण खरं कारण त्याहून जुनं होतं. लहानपणी बोर्डिंगात असताना तिसऱ्याच दिवशी त्यांचं ताट गेलं होतं. ताटावर नाव नव्हतं, मग भांडणार कुणाशी? वर्षभर दुसऱ्या पोराचं जेवण होईपर्यंत ते रिकाम्या हातानं थांबायचे. आपल्या पोरीवर ती पाळी येऊ द्यायची नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

नऊ वाजता प्रज्ञा न्हाणीत गेली तशी त्यांनी सगळं सामान पिशवीत भरलं आणि बाजारपेठेत मच्छिंद्रकडे नेलं. मच्छिंद्र भांड्याच्या दुकानाबाहेर स्टुलावर नाव कोरायचं मशीन घेऊन बसायचा. तालुक्यातल्या निम्म्या तांब्यांवर त्याचं अक्षर होतं.

"कु. प्रज्ञा भाऊसाहेब साळवे, राहुरी," भाऊसाहेब म्हणाले. "समद्यावर टाक."

माऊस झाला, डबा झाला, स्टॅबिलायझर झाला. शेवटी सीडी हातात घेऊन मच्छिंद्रनं उलटीपालटी केली. "लई हलकी प्लेट हाय वो ही. कंच्या बाजूनं टाकू?"

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. एका बाजूला इंग्रजी छापलेलं होतं. "हिकडं तर जागाच न्हाई. चकचकीत बाजूनं टाक. तिकडं कायबी न्हाई."

मच्छिंद्रनं जीव ओतला. नाव गोल फिरवलं आणि दोन्ही टोकांना एकेक फूल काढलं.

घरी आल्यावर प्रज्ञानं सीडी हातात घेतली आणि मटकन खाली बसली.

"पप्पा! ह्याच बाजूनं वाचतंय ते मशीन!"

"मंग वाचू दे की. अक्षर किती सुबक हाय."

तिनं तरीही घालून पाहिली. लॅपटॉपनं दोन-तीनदा घुर्रऽ केलं आणि गप्प बसला. प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी आलं. "परवा कॉलेज सुरू होतंय. तिथं मी कुणाला वळखत पण नाही. कोरा डबा घेऊन जाऊ का आता? आन् सीडी क्लासची आहे, पप्पा. आपली नाहीच ती."

दुसऱ्याच्या ताटावर आपलं नाव टाकून बसलो, हे भाऊसाहेबांच्या आता ध्यानात आलं.

"क्लासात दुसरी असंल ना?"

"आहे एक."

"आणतो," म्हणून ते उठले. खराब सीडी त्यांनी शर्टाच्या आत घातली. आधी दुसरी मागू, या सीडीचं मग बघू, असा त्यांचा बेत होता. भागिरथीबाई मागून ओरडल्या, "अवो, अकरा वाजत आले! जेवून तरी जा!" पण ते कोपऱ्यावर पोचले होते.

आप्पासाहेबांनी दुधाची डेअरी बंद करून कॉम्प्युटर क्लास काढला होता. शिकवायला सर ठेवले होते, त्यामुळे स्वतः त्यांना कॉम्प्युटरला हात लावायची वेळ आली नव्हती. आता क्लासात पोरं नव्हती आणि आप्पासाहेब पेपरनं वारा घेत बसले होते.

"या, या! तुमाला शंभर वर्षं आयुष्य. डोकं मानलं तुमचं!"

"माझं?"

"मच्छिंद्र भेटला चहाला. म्हनला, साळवे सायबांनी पोरीच्या सीडीवर नाव टाकून घेतलं. मी म्हनलं, आपल्याला कसं सुचलं न्हाई? पोरं रोज सीड्या पळवत्यात. मंग काय, बाविसच्या बावीस सीड्या मगाशीच धाडल्या त्याच्याकडं!"

भाऊसाहेब उभ्या जागी थिजले. आणि खोटं कशाला सांगा, क्षणभर त्यांना बरंही वाटलं. बाविसावर नावं पडली की तेविसाव्या सीडीचं कोण विचारतंय? दोष आप्पासाहेबांचाच. आपण गप्प बसायचं. पण प्रज्ञासाठी मागायची दुसरी विंडोजची सीडीही त्या बाविसांतच होती.

"आप्पासाहेब, गाडी काढा!" ते ओरडले. "नाव टाकलं की सीडी मरती!"

"आं? तुमाला काय म्हाईत?"

भाऊसाहेबांनी शर्टातून सीडी काढली. "ही तुमचीच हाय. मीच मारली."

आप्पासाहेबांनी सीडीवरची फुलं पाहिली, मग भाऊसाहेबांकडे पाहिलं, आणि एम-एटीला किक मारली. पेठेतून हॉर्न वाजवत दोघं निघाले. वाटेत केळीची गाडी आडवी आली, तेव्हा भाऊसाहेब उडी मारून पुढे पळाले. "मच्छिंद्र, थांब! सुई लावू नगं!" सगळी पेठ वळून बघू लागली. आणि सगळ्या पेठेसमोर, धापा टाकत, त्यांनी आपला मूर्खपणा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून टाकला.

मच्छिंद्रनं शांतपणे विडी झटकली. "सायेब, अकरालाच लाईट गेली. एकबी झाली न्हाई."

आप्पासाहेब हसू लागले ते थांबेचनात. हसताहसताच त्यांनी विंडोजची सीडी काढून दिली. पण लाईट नाही म्हटल्यावर सीडी भरणार कशी? बाराचा एक झाला, दीड झाला, पंखा काही हलला नाही. शेवटी आप्पासाहेब म्हणाले, "सीडी घिऊन जाऊ द्या तिला. पोरगी दिवाळीला आली की आणील."

दोन वाजता प्रज्ञा खिडकीशी बसली. सीडी मांडीवरच्या बॅगेत होती. भाऊसाहेब खाली उभे राहून एकदा बॅगेकडे बघत, एकदा कंडक्टरच्या कानावरच्या पेनाकडे. न राहवून त्यांनी ते मागून घेतलं.

"पप्पा, सीडीला हात लावायचा नाही हं."

"न्हाई गं. पर त्या एवढ्या पोरींत..."

प्रज्ञानं खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि तळवा उघडला. "इथं टाका."

भाऊसाहेब अगदी मन लावून लिहू लागले. 'कु. प्रज्ञा' एवढं झालं आणि गाडी हलली. बापाचं नाव राहूनच गेलं. ते पेन धरून चार पावलं पळाले, आणि कंडक्टर दारात लोंबकळत ओरडत होता, "ओ सायेब, पेन! पेन द्या माझं!"