गोळी घेतल्यावर वाकायचं नाही

अख्ख्या मार्गिलान शहरात तोंडावरच्या मुरमांवर गोळी लिहून द्यावी ती मुकद्दस डॉक्टरांनीच! असं खुद्द मुकद्दस डॉक्टरच म्हणायच्या. त्यांच्या हातून चूक? छे, नाव नको!

नवी नवरी शहनोझा आली तेव्हा तर त्यांनी काहीच बाकी ठेवलं नाही. दिवस गेलेले नाहीत ना, हे आधी तपासून घेतलं. मग अँटिबायोटिकची गोळी लिहिली, सोबत लावायचं मलमही. नुसत्या गोळीनं जंतू निर्ढावतात ना! वर बजावलं, "भरपूर पाण्याबरोबर घे. दुधादह्याबरोबर नको. उन्हात फिरू नकोस. आणि गोळी घेतली की अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. घशाखाली अडकली तर जाळत जाईल!"

शहनोझा गुणाची पोर. शब्दन् शब्द पाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोळी घेऊन ती अंगणात आली. सुनेनं, त्यातून नव्या सुनेनं तर, रोज सकाळी घरच्या वडीलधाऱ्यांना कमरेत वाकून सलाम करायचा असतो. त्यात नेमके नवऱ्याचे थोरले काका आलेले! शहनोझा त्यांच्यापुढे खांबासारखी ताठ.

"अस्सलाम आलेकुम, काका," ती गोड आवाजात म्हणाली. कंबर मात्र तसूभर हलली नाही!

काका चहासुद्धा न घेता निघून गेले. दुपारपर्यंत गल्लीभर झालं, ओयदिनची सून वाकत नाही!

संध्याकाळी सासू, म्हणजे ही ओयदिन, सुनेला दंडाला धरून दवाखान्यात हजर. "ही म्हणते, डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय! अहो, तोंडाचं औषध मागितलं होतं, कंबर बांधून ठेवायला कोणी सांगितलं होतं? खोटं बोलत असेल तर आजच माहेरी पोचवते हिला!"

शहनोझाच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी गळायला लागलं.

"खरंच सांगितलंय मी," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात एवढं काय? सलाम सकाळी, गोळी दुपारी. संपलं!" काकांनाही त्यांनी फोनवर समजावलं. काका निवळले, सून घरी गेली. डॉक्टर स्वतःवर बेहद्द खूश झाल्या.

सकाळी पाहतात तर दाराशी ही रांग! गल्लीतल्या झाडून सगळ्या सुना! चेहरे खरबुजाच्या फोडीसारखे तुकतुकीत.

"डॉक्टर ओपा, आमच्या ताई ना तुम्ही! ती न वाकायची गोळी द्या ना!"

"मुरूम कुठाय?"

"येईल की! आणि सकाळीच घ्यायची, असं लिहा हं!"

एकीनं तर हनुवटीवर बिटाचा ठिपका लावून आणला होता.

"अँटिबायोटिक आहे ते, बडीशेप नाही!" डॉक्टर कडाडल्या. "उगाच खाल्लंत, तर खरी गरज पडेल तेव्हा लागू पडायचं नाही. चला, निघा सगळ्या!"

सगळ्या निघाल्या. कोपऱ्यात नाकापर्यंत रुमाल ओढून बसलेली एक बाई तेवढी हलेना. रुमाल खाली आला. ओयदिन!

"तुम्ही? सुनेला त्रास झाला का काही?"

"नाही हो, ती मजेत आहे. माझंच जरा..." ओयदिननं हनुवटी पुढे केली. "बघा ना, पुटकुळी येतेय बहुतेक."

"पन्नाशीत? आणि तुम्हाला आता कोणापुढे वाकायचंय?"

ओयदिननं दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"सासूबाई अजून ठणठणीत आहेत हो माझ्या!"