भिंतीच्या कागदाचं नाव

चार वाजता नगरपालिकेचा इन्स्पेक्टर येणार होता. शेजारणीचं जुनं संमतिपत्र दाखवलं नाही, तर मागच्या न्हाणीघराची भिंत उद्या पाडणार होते. कागद घरातच होता. पण घरात तीन ट्रंका होत्या आणि त्यांत चारशे बारा पाकिटं.

गेल्या वर्षी मोठ्या बाईंच्या मुलाने हौसेने पाकिटांवर नंबर घातले आणि कशात काय आहे याची यादी कॉम्प्युटरात भरली. मोठ्या बाई सोफ्यावर पाय घेऊन सांगत गेल्या, तो टाईप करत गेला. मुलगा आज्ञाधारक, कानावर पडेल ते शब्दन् शब्द उतरवणारा. आज नेमका तो विमानात होता आणि फोन बंद.

सून ग्रंथालयात नोकरीला. तिने 'भिंत' टाकलं, तर एकसष्ट पाकिटं आली. त्यात भिंतीवरच्या घड्याळाची पावतीसुद्धा. मग 'भिंत' आणि 'संमतिपत्र' दोन्ही मिळून टाकलं, तर एकही नाही.

"हे यंत्र आहे की तुझा नवरा?" मोठ्या बाई म्हणाल्या. "एक तर सगळं आणून ओतायचं, नाही तर हात हलवत परत."

सुनेने मुकाट्याने कागदावर तीन रकाने आखले. कशाबद्दल, कसला कागद, कुणाचा. पहिल्यात भिंत, कुंपण, हद्द, न्हाणीघर, बाथरूम. दुसऱ्यात संमती, परवानगी, कबुली, सही. "आपण काय म्हणतो ते सोडा, आई. भरताना काय म्हटलं असेल, ते शोधायचं."

हे चाललेलं असताना खुद्द शेजारीण खुर्ची ओढून बसली होती. मदतीला आले म्हणाली. तिचीही एक प्रत होती, पण घरातल्या कुठल्या पिशवीत ते तिला आठवेना. सही माझीच आहे, साहेबाला तोंडी सांगते, असं तिने दोनदा सुचवलं. साहेब तोंडावर जात नाहीत, तारखेवर जातात, असं मोठ्या बाईंनी तिला दोनदा सुनावलं.

पहिल्या दोन रकान्यांतले शब्द जोडीने टाकूनही ते पाकीट येईना. तिसरा रकाना आला. शेजारी, शेजारीण, तिचं नाव, आडनाव, नवऱ्याचं नाव. काही नाही. आणि तेवढ्यात मोठ्या बाईंना आठवलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

त्या पाकिटाची नोंद मुलाला सांगितली त्या सकाळी मोरीच्या पाण्यावरून त्यांचं आणि शेजारणीचं कडाक्याचं वाजलं होतं.

पावणेचार झाले. शेजारणीने गॅसवर काही ठेवलं नाही ना, असं मोठ्या बाईंनी काळजीने विचारलं. बंद करूनच आले, ती म्हणाली. मग त्यांनी तिच्याकडची वाटीभर साखर मागितली. तुमचा डबा भरलेला आहे, मी आत्ताच पाहिला, ती म्हणाली. शेजारीण खुर्चीला चिकटून होती.

सुनेने पेन खाली ठेवलं. "आई, यांना तुम्ही काय म्हणता?"

"वहिनी म्हणते."

"समोर नव्हे. पाठीमागे."

मोठ्या बाई पदराने चष्मा पुसू लागल्या. शेवटी शेजारीणच बोलली, "सांगून टाका. भिंत पडली तर तुमची आंघोळ माझ्या ओट्यावरून दिसायची. ते मला सोसणार नाही."

मोठ्या बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "तोफ," त्या म्हणाल्या.

सात पाकिटं आली. सहाव्यापुढे लिहिलं होतं, 'तोफेने एकदाची सही केली'. नंबर दोनशे एकोणीस. चारला पाच कमी असताना कागद टेबलावर होता. इन्स्पेक्टरने तारीख पाहिली, वहीत नोंद केली आणि निघून गेला. शेजारीणही उठली, चप्पल घातली आणि मागे न बघता गेली.

भिंत वाचली, पण मोठ्या बाईंना संध्याकाळभर चैन पडेना. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ती कशी मागतात हेही नीटसं ठाऊक नव्हतं. फोन उचलून दोनदा खाली ठेवला. तिसऱ्यांदा तो आपणच वाजला.

"माझीही प्रत सापडली हो," शेजारीण म्हणाली. "तुमच्या सुनेची युक्ती केली. पिशव्यांवरची नावं वाचत गेले."

"कुठल्या नावाच्या पिशवीत होती?"

पलीकडून पिशवी घाईने गुंडाळल्याचा आवाज आला.

"राहू द्या ना, वहिनी," शेजारीण म्हणाली. "भिंत उभी आहे ना आपली?"