एक दुरुस्ती देण्याबाबत

दिल्लीच्या वेशीवर एका संशोधन केंद्रात अणूतले कण प्रचंड वेगाने पळवणारं अजस्र यंत्र आहे. ते चालवणारं सॉफ्टवेअर जगभरच्या प्रयोगशाळांनी मिळून, वर्षानुवर्षं खपून लिहिलं आणि सगळ्यांना फुकट वाटलं. रीत एकच: कुणी त्यातली चूक दुरुस्त केली, तर ती सगळ्यांना द्यायची. देणाऱ्याचं नाव सॉफ्टवेअरच्या इतिहासात लागतं. या केंद्राने घेण्यात कधी कसूर केली नाही; इतिहासात मात्र इथलं एकही नाव नाही.

इथल्या इंजिनिअर वैजयंती रानडेने एक चूक पकडली. गार पंपालाही सॉफ्टवेअर तापलेला समजे आणि सगळं यंत्र बंद पाडी. तिने ते नीट केलं, यंत्र सुरळीत चाललं, आणि आता आपलं नाव लागणार म्हणून ती आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरपर्यंत गालातल्या गालात हसत गेली. एवढीच तिची हौस होती.

दुसऱ्या दिवशी तिने संचालक बळवंतरावांकडे परवानगी मागितली.

"फुकट देऊन टाकायचं?" ते म्हणाले.

"सर, आपणही फुकटच घेतलं ना."

"घेणं माझ्या अधिकारात आहे, मॅडम. देणं मंत्रालयाच्या."

झालं, समिती नेमली गेली. दुरुस्ती ही स्थावर मालमत्ता की जंगम, यावर समोसे संपेपर्यंत खल झाला. दक्षता विभागाने विचारलं, बाईंचा परदेशात एवढा जिव्हाळा कुणाशी आहे. शेवटी आदेश निघाला: निर्णय होईपर्यंत सदर दुरुस्ती कोणीही वापरू नये, केंद्रानेसुद्धा. सबब मूळ चूक तातडीने पूर्ववत करावी.

"सर, यंत्र परत बंद पडेल."

"बिल्कुल पडेल. पण नियमानुसार पडेल."

वैजयंतीने स्वतःच्या हाताने चूक पुन्हा घातली. जिवावर आलं तिच्या. यंत्र बंद पडलं. प्रयोगासाठी आलेले विद्यार्थी वेळ जावा म्हणून पानिपतला काला अंब, म्हणजे मराठ्यांच्या पराभवाचं स्मारक, बघून आले; परतल्यावर फारसा फरक जाणवला नाही म्हणाले.

मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. तीच दुरुस्ती, परदेशातल्या कुणा बाईच्या नावाने. बळवंतरावांनी पेढे वाटले.

"बघा मॅडम, तुम्ही घाई केली असती, तर हे आपल्याला फुकट मिळालं असतं का?"

वैजयंतीने पेढा घेतला. त्या बाईचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं, वॉशरूममध्ये जाऊन रडली आणि तोंड धुऊन कामाला लागली.

आता तुम्ही बळवंतरावांना हसणार. हसा की. फक्त शेजारणीची लोणच्याची बरणी अजून तुमच्याच ओट्यावर आहे, आणि परवा पाहुण्यांना "घरचंच आहे हो" म्हणून वाढलंत, ते तुम्हीच.